म्हसोबाच्या टेकाडावरची रेंज

सिरसाळ्याच्या बाजारात विरुपाक्ष आप्पांच्या आडतीवर जो मोठा काटा होता, त्याच्यावर ज्वारीची पोती चढत, सरकीची चढत, उन्हाळ्यात चिंचेचीही चढत. माणूस चढल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. दोन हजार सहा सालच्या जून महिन्यात एका सोमवारी सकाळी गहिनीनाथ पैलवान त्या काट्यावर चपला काढून उभा राहिला. आप्पांनी एक माप टाकलं, दुसरं टाकलं, मग अर्ध्या क्विंटलचं आणखी एक आणायला सांगितलं. काटा एक क्विंटल चोवीस किलोवर थांबला.

"आप्पा, क्विंटलच्या वर माल गेला की हमाली डबल पडती," मागं उभ्या असलेल्या हमालांपैकी एक जण म्हणाला. बाकीचे हसले.

गहिनीनाथ काट्यावरून उतरला, दोन पावलं चालला आणि त्या हमालाच्या कानाखाली त्यानं अशी वाजवली की तो भुईमुगाच्या ढिगात जाऊन आडवा झाला. उठला तेव्हा तोंडातून रक्त येत होतं आणि एक दाढ तळहातावर होती. हसणारे पोती उचलायला लागले. आप्पा तेवढे जागचे हलले नाहीत. ते म्हणाले, "पैलवान, वजन कुणाला कळू द्यायचं न्हाई म्हणलात, आन बाजार गोळा केलात तुमीच."

पैलवानाचं सगळं आयुष्य असंच गेलं होतं. आधी हात, मग तोंड, आणि डोकं सगळ्यात शेवटी. गावानं त्याला हेच शिकवलं, आणि ज्यांनी शिकवलं त्यांनीच पुढं त्याच्या दारावरून जाताना आवाज बारीक केला.

आता वजनाचं कारण. कारण होतं राम, त्याचा धाकटा भाऊ. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, गहिनीनाथापेक्षा नऊ वर्षांनी लहान. आईबाप एका वर्षात गेले तेव्हा राम सात वर्षांचा होता. गहिनीनाथानं त्याला तालमीत आपल्यासोबत झोपवलं, स्वतःच्या वाट्याच्या दुधातलं अर्धं पाजलं आणि अभ्यासाला बसवताना पाठीत धपाटे घालून घालून मास्तर केलं. त्या रामच्या दोन्ही किडन्या गेल्या. कशानं गेल्या, हे डॉक्टरांनाही नीट सांगता येईना. आठवड्यातून दोनदा लातूरला जायचं, मशीनला लागायचं, परत येऊन भिंतीकडं तोंड करून पडायचं. हाताच्या शिरा सुया टोचून टोचून दोरखंडासारख्या झाल्या होत्या. औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात सर्जननं तपासण्या केल्या आणि सांगितलं, भावाची किडनी जुळते.

"मग काढा की आजच," गहिनीनाथ म्हणाला आणि सदरा वर करायला लागला.

सर्जननं चष्म्यावरून त्याच्याकडं पाहिलं. "तुमची किडनी चालते, पैलवान, तुम्ही चालत नाही. एवढ्या वजनाच्या माणसाला टेबलावर घेतलं तर एकाच्या जागी दोन भाऊ जातील. पंच्याण्णवच्या खाली या. आणि लवकर या, याच्या शिरा फार दिवस साथ देणार नाहीत."

गहिनीनाथाच्या हातानं मूठ वळली. पण मारणार कुणाला?

हे वजन आलं कुठून, तेही सांगायला हवं. विशीत तो मातीतला खरा पैलवान होता. रोजचा खुराक तीन लिटर दूध, पावशेर तूप, बदाम, रात्री मटण. तिशीत गुडघ्यानं दगा दिला, कुस्ती सुटली, खुराक सुटला नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथं पीळ होता तो पोटात. मग राधाकिशन अण्णांनी त्याला जवळ केलं. अण्णा म्हणजे तालुक्यातलं मोठं प्रस्थ. त्यांचे टिप्पर परळीच्या राखेच्या तळ्यावर चालत. विजेच्या कारखान्यातली ती राख वीटभट्ट्यांना लागते. कुणाचा टिप्पर आधी भरायचा, कुणाचा दिवसभर उन्हात ठेवायचा, हे गहिनीनाथ ठरवायचा. त्याला कुणी परवाना दिला नव्हता, कुणी मागितलाही नव्हता.

नव्व्याण्णव साली शहादेव नावाचा एक टिप्परवाला रांगेवरून त्याच्याशी भांडला. उंचापुरा गडी, आवाज मोठा. सगळ्यांसमोर म्हणाला, "राख काय तुझ्या बापाची हाय का बे?" गहिनीनाथानं त्याची मान धरली, ओढत टिप्परच्या मागं नेलं, त्याचा उजवा हात मागच्या फाळक्याच्या फटीत घातला आणि वर खेचलेला लोखंडी फाळका सोडून दिला. चार बोटं तिथंच राखेत पडली. शहादेवनं ओरडायला तोंड उघडलं तर पैलवानानं ते राखेनं भरलं. पन्नास माणसं बघत होती. पोलीस आले तेव्हा कुणी काही पाहिलेलं नव्हतं.

मी हे रंगवून सांगत नाही. हे असंच घडलं, आणि त्या संध्याकाळी गहिनीनाथ घरी जाऊन पोटभर जेवला.

तेव्हापासून शहादेव वाट बघत होता आणि पैलवानाला ते ठाऊक होतं. म्हणून त्यानं एक नेम पाळला. एका वाटेनं लागोपाठ दोन दिवस जायचं नाही, ठरल्या वेळी कुठंच पोचायचं नाही. लग्नाला मुहूर्त टळल्यावर जायचा, मयतीला माती झाल्यावर. आणि सोबत कायम सटवा. सटवा त्याचा तालमीतला जोडीदार, मोटारसायकल चालवणारा. दोन हजार एक साली शहादेवच्या माणसांनी एकदा रस्त्यात गाठलं होतं. पैलवानाच्या डोक्यावर आलेला लोखंडी गज सटवानं मध्ये पडून स्वतःच्या गुडघ्यावर घेतला. वाटी फुटली. त्या दिवसापासून सटवाचा उजवा पाय वाकत नव्हता. जिना चढताना तो कडेकडेनं चढायचा. पळणं तर सोडाच.

औरंगाबादच्या त्या दवाखान्यात आहार सांगणारी एक पोरगी होती, रुचिका. परळीच्या वाण्याची लेक, वय सव्वीस, बोलणं चटपटीत. तिनं गहिनीनाथाला समोर बसवलं आणि दीड भाकरी, मुगाची उसळ, काकडी, पातळ ताक असं लिहून दिलं. मग कमरेला लावायची एक डबी दिली, पावलं मोजणारी.

"काका, मी रोज औरंगाबादहून तुमच्या गावी येऊ शकत नाही आणि तुम्ही इथं येऊ शकत नाही. पण फोन येऊ शकतो. रोज सकाळी सातला चालत म्हसोबाच्या टेकाडावर जायचं. तिथून मला मिस कॉल द्यायचा. मी लगेच उलटा फोन लावते, तुम्हाला पैसा पडत नाही. पावलं किती, काल काय खाल्लं, सोमवारी वजन किती, एवढं सांगायचं."

"टेकाडावरच कावून? घरनं देतो की."

"घरी तुम्हाला रेंज नाही. माझी मावशी सिरसाळ्यातच दिलीय, मला सगळं ठाऊक आहे. आख्ख्या गावात रेंज फक्त त्या टेकाडावर. म्हणजे तिथून फोन आला की मला कळतं, काका घराबाहेर पडले."

"सातचं जरा मागंपुढं झालं तर?"

"माझे असे बारा पेशंट आहेत, परभणीपासून उस्मानाबादपर्यंत. तुमच्या वाट्याला सातच. आठला माझी ओपीडी लागते."

सात वर्षांचा नेम एका पोरीनं दोन वाक्यांत मोडायला सांगितला होता. बाहेर बाकावर राम बसला होता, चेहरा सुजलेला, चप्पल पायात मावत नव्हती. त्याच्याकडं बघून पैलवान म्हणाला, "बरं. सात."

सटवाला हे कळलं तेव्हा तो चिडला. "पैलवान, रोज एकच टाइम, एकच जागा? शहादेवला तार करायची ऱ्हायली का काय?"

"रेंज दुसरीकडं हाय का? दाखव, तिथं जातो."

रेंज दुसरीकडं नव्हती. सटवानं गावाभोवती तो फोन घेऊन दोन दिवस चकरा मारल्या, पाण्याच्या टाकीवर माणूस चढवला, आणि शेवटी हात टेकले. मग तो रोज पुढं जाऊन टेकाडाच्या पायथ्याशी मोटारसायकल उभी करायचा, इकडं तिकडं नजर टाकायचा आणि पैलवान वर जाऊन बोलून येईपर्यंत विड्या ओढत थांबायचा.

पहिल्या आठवड्यात पैलवानानं चोरी केली. सटवाच्या मागं बसून टेकाडापर्यंत गेला, मिस कॉल दिला.

"किती पावलं?"

"पाच हजार."

"काका, पाच हजार पावलं चालून वर चढलात आणि श्वास लागलेला नाही? तुमच्या वजनाला?" रुचिका म्हणाली. "मला इथून दिसत नाही, पण ऐकू सगळं येतं. रामभाऊंची किडनी मोटारसायकलवर बसून येणार नाही."

एवढं बोलून तिनं फोन ठेवला. असं बोलणाऱ्या पुरुषाचे पैलवानानं दात पाडले असते. हिचे पाडायला दोनशे किलोमीटर जावं लागलं असतं. दुसऱ्या दिवसापासून तो चालायला लागला, आणि रुचिका रोज आधी त्याचा श्वास ऐकायची, मग बोलायची.

भूक मोठी वाईट. जन्मभर जे पोट मागेल ते मिळालेल्या माणसाला ती पिसाळून सोडते. तिसऱ्या आठवड्यात बायकोनं, तुळजाबाईनं, ताटात दीड भाकरी वाढली आणि स्वतःसाठी परातीत तीन ठेवल्या. पैलवानानं ताट उचलून तिच्या तोंडावर फेकलं. पितळी ताटाची कड कपाळात घुसली. चार टाके पडले. ती रडली नाही. रक्तानं भिजलेला पदर डोक्याला बांधत म्हणाली, "आवो, मला मारून किडनी भेटती का? भेटत असंल तर आजून मारा."

दुसऱ्या दिवशी रुचिकानं विचारलं, "काल काय खाल्लं?"

"बायकोचं डोकं फोडलं," गहिनीनाथ म्हणाला.

ती म्हणाली, "हात उठायला लागला की घराबाहेर पडायचं आणि चालायचं. राग संपेपर्यंत. आणि मला ती पावलंसुद्धा सांगायची."

त्या महिन्यात पैलवान दिवसाला सोळा-सतरा हजार पावलं चालला. राखेच्या तळ्यावर एका ड्रायव्हरनं उलट उत्तर दिलं तेव्हा त्यानं त्याचं डोकं टिप्परच्या दारावर दोनदा आपटलं, तिसऱ्यांदा आपटता आपटता सोडलं आणि तडक परळीच्या रस्त्याला लागला. ड्रायव्हर नाक धरून बघत राहिला. पैलवान सुधारला असं मी म्हणणार नाही. दोन फटके त्यानं दिलेच. पण तिसरा राहिला, आणि तो त्यानं कधी राहू दिला नव्हता.

ऑगस्टमध्ये काटा एकशे बारावर आला, दसऱ्याला एकशे चारवर. बाजारात आता कुणी हसत नव्हतं. विरुपाक्ष आप्पा दर सोमवारी माप उतरवताना स्वतः खूश व्हायचे. दिवाळीनंतर शहाण्णवला मात्र काटा अडला. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. इकडं रामच्या डाव्या हाताची शीर बंद पडली, मानेतून नळी घातली. तो एका दुपारी म्हणाला, "दादा, आता पुरं कर. माझ्यापायी उपाशी मरू नकोस."

"गप पड," गहिनीनाथ म्हणाला आणि बाहेर जाऊन भिंतीला टेकून रडला. सटवानं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी काटा साडेचौऱ्याण्णववर थांबला. सर्जननं पुढच्या आठवड्यातला बुधवार दिला आणि बजावलं, "तोवर स्वतःला जपा. ताप नको, जखम नको, साधा फोडसुद्धा नको. काही झालं तर तारीख गेली, आणि दुसरी तारीख गाठायला तुमचा भाऊ असेलच असं नाही."

बुधवारला पाच दिवस राहिले होते. शुक्रवारची सकाळ. गहिनीनाथ टेकाडावर चढला, म्हसोबाच्या शेंदरी दगडाला हात लावला, मिस कॉल दिला आणि उलट्या फोनची वाट बघत उभा राहिला. खाली सटवा विडी पेटवत होता. तेवढ्यात परळीकडून एक जीप आली आणि वेग कमी न करता सटवाच्या मोटारसायकलवर चढली. मोटारसायकल सटवाच्या बाजूलाच चिरडली गेली. जीपमधून चौघं उतरले. तिघांच्या हातांत ऊस तोडायचे कोयते. चौथा शहादेव. त्यानं कोयता डाव्या हातात धरला होता.

शहादेवनं वर बघितलं. "उतर खाली," तो म्हणाला. ओरडला नाही. सात वर्षं वाट बघितलेल्या माणसाला घाई नव्हती.

सटवानं मोटारसायकलच्या डिकीशेजारी बांधलेली लोखंडी टामी ओढून काढली आणि टेकाडाच्या वाटेवर आडवा उभा राहिला. पहिला अंगावर आला त्याच्या जबड्यावर त्यानं ती टामी घातली. हाड मोडल्याचा आवाज वरपर्यंत आला. दुसऱ्याचा कोयता सटवाच्या खांद्यात बसला आणि निघेना. त्यानं सटवाच्या छातीवर पाय देऊन तो उपसला. सटवा तरी उभा होता. त्याचा न वाकणारा पाय त्याला पडू देत नव्हता.

गहिनीनाथानं पायाजवळचा धोंडा उचलला आणि तो अर्धं टेकाड खाली आला. वीस पावलं राहिली होती. धोंडा फेकला असता तर एक जण पडला असता. हातघाईत दुसरा पडला असता. तेवढं बळ अजून होतं, उलट आता श्वासही लागत नव्हता. पण तोवर दोन कोयते अंगावर आले असते, आणि त्यातला एखादा तरी त्याला कुठंतरी लागलाच असता. दंडाला, पाठीला, कुशीला. साधा फोडसुद्धा नको. त्याला मानेत नळी घातलेला राम दिसला.

"पैलवान," सटवानं हाक मारली. त्याच्याकडं न बघताच मारली, कारण पैलवान मागं आलेला आहे याची त्याला खात्री होती.

गहिनीनाथानं धोंडा खाली ठेवला. टाकला नाही, ठेवला. मग तो वळला, टेकाड परत चढला आणि पलीकडच्या उतारानं तुरीच्या रानात पळत सुटला. मागून कोयते पडल्याचे आवाज आले, ओल्या लाकडावर पडावेत तसे. "पैलवान," सटवा पुन्हा ओरडला, या वेळी मागं बघून.

त्या दिवशी उशीर झालेला उलटा फोन आता खिशात वाजला. सहा महिन्यांच्या सवयीनं त्याच्या हातानं तो काढला, हिरवं बटण दाबलं आणि कानाला लावला.

"काका, पावलं?" रुचिका म्हणाली. मग ती थांबली आणि ऐकत राहिली. "पळताय? काका, तुम्ही चक्क पळताय? शाबास. बोलू नका, श्वास सांभाळा. थांबू नका."

तिसरी हाक आली. तिच्यात शब्द नीट नव्हता. उताराच्या तळाशी रेंज गेली, आणि गहिनीनाथ मुका झालेला फोन कानालाच धरून पळत राहिला. शहादेव टेकाडावर चढेपर्यंत तो ओढ्यापलीकडं गेला होता.

घरी पोचून त्यानं आंघोळ केली, कपडे बदलले आणि खाटेवर पडला. अर्ध्या तासानं गाव धावत आलं. सटवाच्या अंगावर एकवीस वार होते. टेम्पोतून अंबाजोगाईला नेताना त्यानं वाटेतच जीव सोडला. सटवाची बायको रतनबाई मातीच्या वेळी रडत नव्हती. तिनं सगळ्यांसमोर पैलवानाला विचारलं, "तुमी हुतात का तिथं?"

"न्हाई," गहिनीनाथ म्हणाला. "अंगात कणकण हुती, मी गेलोच न्हाई. तो पुढं जाऊन वाट बघत थांबला आसंल."

खरं सांगितलं असतं तर पोलीस त्याच्या दारात आले असते, जबाब, पंचनामा, परळीच्या चकरा. बुधवार गेला असता. असं त्यानं स्वतःला समजावलं, आणि ते खोटं नव्हतं. पण लाजही तितकीच होती. पैलवानानं पाठ दाखवली हे गावाला कळण्यापेक्षा त्याला मरण परवडलं असतं. आता मरायचीही सोय नव्हती. संशय शहादेववर गेला, पण त्याच्याकडून दहा माणसांनी सांगितलं की तो त्या सकाळी परळीत होता. ज्याचा जबडा मोडला होता तो जिल्ह्याबाहेर पसार झाला. साक्षीदार नाही म्हणून चौकीतला कागद तसाच पडून राहिला.

बुधवारी ऑपरेशन झालं. चौथ्या दिवशी रामची सूज उतरली. कित्येक महिन्यांनी तो पोटभर पाणी प्यायला आणि ग्लासकडं बघत बसला.

पाच आठवड्यांनी दोघं भाऊ तपासणीला औरंगाबादला गेले. दवाखान्यातल्या बाकावर बसलेले असताना रुचिका धावत आली. तिला मनापासून आनंद झाला होता. "काका, मी सगळ्या पेशंटना तुमचं सांगते. त्या शेवटच्या शुक्रवारी तर तुम्ही पळत होतात. सहा महिन्यांपूर्वी ज्याला जिना चढवत नव्हता तो माणूस." मग सहज म्हणाली, "पण त्या दिवशी मागून कोण हाक मारत होतं हो? पैलवानसारखं काहीतरी, शब्द नीट कळला नाही. मला वाटलं, कुणीतरी तुमच्यासोबत पळायला आलं होतं आणि मागं पडलं."

रामनं तोंडावरचा रुमाल खाली केला आणि भावाकडं पाहिलं.

परतीची जीप वडवणीला चहाला थांबली. तेव्हा रामनं विचारलं, "दादा, सटवा हाका मारत हुता?"

"व्हय."

"आन तू पळालास."

"तुझ्यासाठी."

"ते कळतंय मला," राम म्हणाला. "म्हणूनच इचारतोय. माझ्या अंगात जे हाय ते आता परत काढून देता येत न्हाई. दादा, रतनबाईकडं तू जातोस का मी जाऊ?"

चहा तसाच टाकून ते निघाले. सिरसाळ्यात पोचले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. गहिनीनाथ घरी गेला नाही. रतनबाई दारातल्या दगडावर धुणं धूत होती. तो समोर उभा राहिला आणि एका दमात बोलून मोकळा झाला. "मी तिथंच हुतो. वर टेकाडावर. निम्मा खाली आलतो. त्यानं हाक मारली आन मी पळालो."

रतनबाईनं हातातलं धोपाटणं वर केलं आणि त्याच्या खांद्यावर घातलं. मग दंडावर, पाठीवर, डोक्यात. भुवई फुटून रक्त डोळ्यात उतरलं. शेजारपाजारचे दारात आले, पण कुणी मध्ये पडलं नाही. गहिनीनाथानं हात खाली सोडून ठेवले होते. हे हात कधी असे लोंबताना गावानं पाहिले नव्हते. एक घाव कुशीवर बसला, जिथं टाक्यांची जागा अजून कोवळी होती, तेव्हा तो गुडघ्यावर खाली आला.

रतनबाईचा हात थांबला. तिला धाप लागली होती.

"किती डाव हाक मारली?"

"तीन डाव."

"तिसऱ्या डावाला कसा आवाज हुता?"

त्यानं सांगितलं. जसा होता तसा सांगितला, काही गाळलं नाही. ती ऐकत होती. मग तिनं ओले हात लुगड्याला पुसले, पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाली, "उठा. चौकीत चला. हेच तिथं सांगा."

"रतनबाई, सगळा गाव मला पळपुटा म्हणंल."

"म्हणंल. तुमी पळालात ना?"

ती पुढं निघाली. तो भुवईचं रक्त बाहीनं पुसत मागून चालला. बाजारातली माणसं हातातली कामं सोडून बघत होती. चौकीतल्या हवालदारानं पैलवानाला बघून आधी सवयीनं खुर्ची पुढं केली, मग रतनबाईकडं बघून धूळ बसलेला तो जुना कागद शोधून काढला आणि पेनाचं टोपण उघडलं.

"त्या टायमाला तुमी कुठं हुतात?"

"टेकाडावर," गहिनीनाथ म्हणाला. "मी शहादेवला बघितलं, आन तिथनं पळालो."

हवालदार लिहायला वाकला. रतनबाईनं कागदावर हात ठेवला.

"पळाला ते मागनं लिवा," ती म्हणाली. "आदी माझ्या मालकाच्या हाका लिवा. तिनी."